वायसर न घेता गेलेला तज्ज्ञ

सरावलीच्या पंढरी वरठाने तीस वर्षं पंचायत समितीच्या गाडीतून फिरून पाड्यापाड्यांवरचे हातपंप दुरुस्त केले. निवृत्तीला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि आता आपल्याला कोणी विचारणार नाही अशी त्याची खात्रीच झाली. तेवढ्यात एका परदेशी मदतसंस्थेने त्याला विचारलं. दक्षिण सुदानात यादवीने सगळी घडी मोडलेली, सरकार नावापुरतं, आणि गावोगावचे पंप मात्र आपल्याकडच्याच बनावटीचे. दोन महिने जाऊन तिथल्या बायकांना दुरुस्ती शिकवायची.

पंढरीची चालच बदलली. बोईसरला भाजी घेताना तो भाजीवालीलाही सांगू लागला, "दोन महिने मी नाय हां. एक देश सावरायला चाललोय."

"आधी घरातला नळ सावरा," त्याची बायको मैनाबाई म्हणाली. तो दिवाळीपासून ठिबकत होता.

नळ ठिबकता ठेवून तज्ज्ञ विमानात बसले. संस्थेने बरोबर चित्रांचे तक्ते, बावीस टोप्या आणि बावीस प्रमाणपत्रं दिली होती.

पहिल्या दिवशी झाडाखाली बायका जमल्या. पंढरीने दीड तास भाषण ठोकलं. त्याची दहा वाक्यं झाली की दुभाष्या एक बोलायचा, तेही जांभई देत. शेवटी पुढे बसलेली अचोल नावाची उंच बाई उठली आणि काहीतरी म्हणाली.

"विचारतेय, वायसर आणलेत का?" दुभाष्या म्हणाला.

"नाय," पंढरी म्हणाला. "सामानाचा विभाग वेगळा हाय. मी प्रशिक्षणवाला."

दुभाष्याने सांगितलं. त्यावर अचोल काहीतरी बोलली आणि बायका खो खो हसल्या.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मग पंपात टोपी बसवू का?"

अचोल त्याला पंपाकडे घेऊन गेली. चार बायकांनी पाइप असे भराभर वर ओढले की पंचायत समितीच्या पथकाने बघत राहावं. आत पाणी वर खेचणारा चामड्याचा वायसर होता. लढाईने रस्ता बंद झाल्यापासून दोन वर्षं सुटे भाग आलेच नव्हते. अचोल जनावराचं कातडं कापायची, तिळाच्या तेलात भिजवायची, साच्यावर दाबून वाटीसारखा आकार द्यायची. तीन गावांचं पाणी त्यावर चाललं होतं.

पंढरीने तक्ते गुंडाळले आणि मांडी घालून तिच्यासमोर बसला. त्याचा पहिला वायसर पंपातच फाटला. दुसऱ्याने करंगळीएवढी धार दिली. तिसरा बघून अचोलने नुसती मान हलवली आणि तो तिच्या कुत्र्याने पळवला. चौथ्याने हंडा भरला, तेव्हा साठीला टेकलेला हा बाप्या पोरासारखा ओरडला. निरोपाच्या दिवशी बायकांनी टोप्या घेतल्या. उन्हाला बऱ्या होत्या.

घरी आल्यावर अहवाल लिहायचा होता. 'शिकणाऱ्यांत काय बदल झाला?' या प्रश्नापुढे तो बराच वेळ पेन चावत बसला. मग लिहिलं, 'शिकणारा मीच होतो. बदल बरा आहे. त्यांना वायसर पाठवा.'

संस्थेच्या मुंबईच्या कार्यालयातून रूपल नावाच्या बाईंचा फोन आला. "काका, असा अहवाल वर पाठवता येत नाही हो."

"मग अहवाल राहू दे, मॅडम. वायसर तेवढे पाठवा."

चार महिन्यांनी त्यांचाच फोन आला. वायसरची दोन खोकी अचोलच्या गावात पोचली होती. पंढरीचा ऊर भरून आला. त्याने घसा साफ करून विचारलं, "मंग पुढच्या खेपेला मी कधी निघू?"

रूपल म्हणाल्या, "काका, तिथल्या बायकांनी कळवलंय, सामान वेळेवर येत असेल तर माणूस नको."

पंढरी दोन दिवस रुसून बसला. तिसऱ्या दिवशी मात्र चहाच्या टपरीवर ही गोष्ट तो स्वतःच सांगत होता, आणि कुत्र्यापाशी येईपर्यंत हसून हसून त्याला पुढचं बोलता येईना.