फाइलीत नसलेला थर

हेमंतच्या दहाव्याचा रविवार, सकाळी साडेअकरा, विंझरचं घर. हजर: आई, मी, माझे यजमान, पासलीचे मामा आणि वरव्याचा दिलीप. नदीवरून परतलो, तर माझ्या धाकट्या भावाच्या, हेमंतच्या, संगणकापुढे दिलीप एकटाच बसलेला. मी वहीत टिपून ठेवलं.

हेमंत इवलीइवली यंत्रं बनवायचा. संगणकावर एकेक थर आखायचा; दिलीपच्या वर्कशॉपातला प्रिंटर ते थर प्लास्टिकमध्ये एकावर एक चढवून वस्तू उभी करायचा. आईला ऐकू येत नाही, म्हणून त्यानं तिला मनगटपट्टा करून दिला. दाराची कडी वाजली की त्यातली शेंगदाण्याएवढी मोटर थरथरायची. "आलं गं बया कोनतरी!" म्हणत आई उठायची, आणि दारात मांजर निघालं की हेमंतला शिव्या घालायची.

हेमंत संशयी होता. कपाटाची किल्ली मलाही देत नसे. "आक्का, तुझ्या वहीत गेलं की गावभर होतं," म्हणायचा... तो अचानक गेला, आणि पंधरवड्यात पट्ट्यातलं मोटरचं घर तडकलं. दिलीपनं आपल्याकडच्या फाइलीवरून नवं छापलं, पण मोटर फिरेना.

"ताई, मधला एक थर फाइलीतच न्हाई, तेवढा त्यानं घरी हातानं कापून बसवला असनार. अंदाजानं दोनदा करून बगितलं. त्याचा संगणक बगू द्या की."

"दहाव्याला बघत होतास तेवढं पुरलं नाही?"

"चोर समजताय व्हय मला? म्या नुस्ता बसलो हुतो... त्याच्या खुर्चीत."

मला ते पटलं नाही.

मागच्या शनिवारी किल्ली शोधून हेमंतचं कपाट उघडलं. हेमंत प्रत्येक थर आधी ट्रेसिंग पेपरवर काढायचा. पट्ट्याचा गठ्ठा क्रमानं लावलेला होता. अठराव्या कागदाच्या कोपऱ्यात त्याचंच अक्षर: 'फाइलीत घालायचा नाही. दिलीपला नको.' म्हणजे दिलीप खरं बोलत होता, आणि हेमंतचा त्याच्यावर भरवसा नव्हता. एखाद्या दिवसाच्या रागात लिहिलं, की काही कळलं म्हणून? आता विचारायचं कुणाला...

काल मामा आईकडे गेले, तर दार सताड उघडं आणि आई आत पाठमोरी, भाकरी थापत. खांद्याला हात लावला तेव्हा केवढी दचकली! मामांनी खुणेनं दाराकडे बोट दाखवलं. "लावून घेतल्यावर मला कळायचं कसं रं?" आई म्हणाली.

दिलीपचा फोन रोज येतो. "घावलं का काई, ताई?" मी म्हणते, शोधतेय. कागद माझ्या पर्समध्ये आहे. द्यायचा तर ती ओळ खोडून की तशीच, तेही ठरत नाही. आजच्या यादीत पहिलं काम: वरव्याला जाणे. बाकीच्या सहांवर खुणा झाल्या. हे राहिलंय.