रावसाहेबांचा आधार

पावसाळ्यापूर्वीची शेवटची आगबोट त्या संध्याकाळी सुटणार होती. मुंबईला नोकरीवर हजर व्हायचे, तर मला तीच गाठायला हवी होती. पालीहून निघालेली आमची सर्व्हिस मोटार मात्र रत्नागिरी कोसभर राहिली असताना थांबली. इंजिन गरजत होते आणि मागची चाके ढिम्म.

"आतला आस तुटला," ड्रायव्हर म्हणाला. "पण वजन बाहेरच्या नळीवर असतं, चाकं निघायची नाहीत. बैलगाडीसारखी ओढून नेऊ."

बैलांच्या दोन जोड्या आणून पुढच्या आसाला काथ्याचा दोर बांधला. सगळे उतरले, पुढच्या बैठकीवरचे रावसाहेब तेवढे उतरले नाहीत. सरकारने दिलेली 'रावसाहेब' ही पदवी अजून ताजी होती. ड्रायव्हर पायरीवर उभा राहून एका हाताने स्टिअरिंगचे चक्र सांभाळत बैलांवर ओरडत होता. बैलांच्या तोंडाला फेस आला, तरी मोटार वीतभरच सरके. मी घायकुतीला येऊन मागेपुढे फिरत होतो, तेव्हा मातीत चाकांच्या नक्षीऐवजी फरफटल्याचे दोन सपाट पट्टे दिसले. चाके फिरतच नव्हती. मी आत डोकावलो आणि ड्रायव्हरला खूण केली.

"अहो रावसाहेब, ब्रेक ओढून बसलांत?" ड्रायव्हर ओरडला.

"आधाराला धरलाय," ते म्हणाले.

ब्रेक सुटला आणि बैल जवळजवळ धावलेच. बंदरावर, उतारूंना आगबोटीपर्यंत नेणाऱ्या होड्यांपैकी शेवटचा पडाव आम्ही उडी मारून गाठला. आगबोटीचा भोंगा झाला, तरी पडाव जागीच गोल फिरू लागला. मी धसकून मागे पाहिले. रावसाहेबांनी सुकाणू धरले होते.

"हात मांडीवर ठेवा, रावसाहेब," पडाव हाकणारा तांडेल म्हणाला.

बोट मिळाली, जेमतेम.