व्हरांड्यातला इतिहास

मी मास्तर आहे, आणि खोटं बोलणारं पोर मला लांबूनच ओळखू येतं. त्याची नजर खाली जाते आणि हात उगाच खिशाशी चाळा करतो. दीड वर्षापूर्वी, पंधरा ऑगस्टला, झेंडावंदन झाल्यावर माझा हात सदऱ्याच्या खिशाशी तसाच चाळा करत होता. समोर गावातली एक म्हातारी उभी होती.

आमची शाळा मिरजगावपासून आत, दोन शिक्षकांची. एक जुनी दगडी खोली, एक नवी पत्र्याची. सकाळी पिवळी बस येते आणि निम्मी पोरं इंग्रजी शाळेला घेऊन जाते, उरलेली आमची. मी याच गावचा, याच दगडी खोलीत शिकलेला, आणि बदली होऊन इथंच मुख्याध्यापक झालो. सुंदर शाळेच्या स्पर्धेसाठी भिंती रंगवायचं ठरलं तेव्हा मीच हौसेनं म्हणालो, पाढे आणि पोपट सगळेच काढतात, आपण व्हरांड्यात शाळेचा इतिहास लिहू. हौस कुणी सांगितली होती!

इतिहासासाठी कपाटातलं पहिलं जनरल रजिस्टर काढलं. कुणाला जन्मतारखेचा किंवा जातीचा उतारा लागला की ते निघतं, तेवढं पान उघडतं आणि परत कुलपात जातं. मी ते पहिल्यांदाच सुरुवातीपासून वाचलं. पहिल्या पानावर तेव्हाच्या गुरुजींनी सुंदर अक्षरात लिहून ठेवलं होतं: शाळा मारुतीच्या देवळात भरत असे, आणि ज्या वस्तीला आता बौद्धवस्ती म्हणतात तिथली पोरं बाहेर पायरीखाली बसत. मग त्या वस्तीतल्या एका माणसानं आपल्या वतनाच्या जमिनीतले दोन गुंठे शाळेला दिले. अट एकच घातली. सगळी पोरं एकाच खोलीत, एकाच रांगेत बसतील.

खोली बांधून झाली. शाळा भरली त्याच आठवड्यात रजिस्टरात एकाखाली एक नावं कमी केलेली होती. शाळा सोडल्याचं कारण सगळ्यांचं एकच, 'वडिलांनी काढून नेले'. खोलीत चार पोरं उरली, चारही त्या वस्तीतली. काढून नेलेल्यांत पहिलं नाव माझ्या वडिलांचं होतं.

घरी गेल्यावर वडिलांना, म्हणजे दादांना, विचारलं. ते ओसरीवर शेंगा फोडत बसले होते.

"व्हय, दीड म्हयना घरी हुतो," ते म्हणाले. "लई मजा वाटली पहिल्यांदा. मग त्या चौघांचं पाढं घरापत्तुर ऐकू यायला लागलं. ती एकविसाला पोचली, आन आमी बारावरच. तवा तुज्या आज्यानं मला गुमान हाताला धरून न्हेऊन बसवलं. मग बाकीचीबी आली."

दादा हसले. मीही हसलो. आणि दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला मजकूर दिला: 'ग्रामस्थांच्या उदार सहकार्यातून ही शाळा उभी राहिली.'

मला कुणी दटावलं नव्हतं. दटावलं असतं तर निदान त्याच्यावर ढकलता आलं असतं. जुनं कशाला उकरायचं, असं मी मनाशी म्हणालो. खरं कारण घरात हार घालून टांगलेला आजोबांचा फोटो होता. दुसऱ्यांच्या पोरांना 'खरे बोलावे' पाटीवर गिरवायला लावणारा मी, आणि घरचं नाव आलं की चिडीचूप. भिंतीवर खाली बरीच जागा उरली, तिथं रंगाऱ्यानं अखेर पोपट काढलाच.

पंधरा ऑगस्टला समोर उभी होती ती त्या जमीन देणाऱ्याची मुलगी. त्या चौघांपैकी आता ती एकटीच उरलेली. तिचं सासरही गावातच. दर झेंड्याला धुवट पातळ नेसून येते. पोरं खाऊ घेऊन पांगली तरी ती बोट फिरवत भिंत वाचत होती. शेवटपर्यंत वाचून म्हणाली, "गुरुजी, माज्या बापाचं कुठं हाय ह्यात?"

मी म्हणालो, "मावशी, जुनी नोंदच सापडली नाही हो. रजिस्टर पार फाटलंय."

तिनं भिंतीवरचं बोट काढलं. आवाज न चढवता बोलली, "फाटलं? मागल्या साली माज्या भावाचा उतारा तुमीच तर दिला त्यातनं. त्याच्या नातवाच्या जात पडताळनीला. चांगलं धड हुतं की."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. उतारा मीच लिहिला होता, सही माझी, शिक्का मीच मारला होता. ती पदर सावरत निघून गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चार दिवस मी तिच्या घरावरून जायचं टाळलं. पाचव्या दिवशी, शाळेबाहेर नेऊ नये ते रजिस्टर पिशवीत घालून तिच्या दारात गेलो. म्हणालो, "मी खोटं बोललो. माझ्या आजोबांचं नाव येतं म्हणून." तिनं रजिस्टर मांडीवर घेतलं, बापाच्या नावावर बोट टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग म्हणाली, "तुमच्या आज्याचंबी लिवा. काढून न्हेलं ते, आन परत आनून बसवलं तेबी. निम्मं नगा लिवू."

पोपट पुसून तिथं सगळं लिहून घेतलं. दादांनी वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बारावरच अडकलो हुतो ते न्हाई लिवलं, बरं केलंस."

सव्वीस जानेवारीला सारा गाव भिंतीपुढं जमला. कुणीतरी विचारलं, इतकं जुनं सापडलं कुठून? मी तोंड उघडायच्या आत म्हातारी पुढं झाली.

"गुरुजींनीच सोदून काडलं," ती म्हणाली. "कुनी न सांगता."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा हात सदऱ्याच्या खिशाकडं गेला, आणि मी तेव्हाही गप्प राहिलो.