आधी आपलं पोट

देवासहून सतवासला जाताना बसमध्ये माझ्या शेजारी एक डॉक्टरीणबाई होत्या. भर समुद्रातल्या जहाजावर कोणी आजारी पडलं, की फोनवरून उपचार सांगायचे, ही त्यांची नोकरी. समुद्र मात्र त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. "पाणी म्हणाल तर नेमावरची नर्मदा," म्हणाल्या. मला ही सगळी थापच वाटली.

चहासाठी बस थांबली आणि त्यांचा फोन वाजला. एका खलाशाच्या पोटात कळ येत होती. जहाजावर डॉक्टर नसतो. औषधांची पेटी एका अधिकाऱ्याच्या ताब्यात असते. तोच घाबऱ्याघुबऱ्या बोलत होता.

"पहले अपना पेट दबाओ, भिया," बाई शांतपणे म्हणाल्या. "अच्छा पेट कैसा लगता है, हाथ को पता होना चाहिए. अब उसका दबाओ."

बोलताना त्यांची बोटं मांडीवरची पिशवी हळूच दाबत आणि झटकन सोडत. दाबल्यावर जास्त दुखतं की सोडल्यावर, हे त्यांनी तीनदा विचारलं. सोडल्यावर, असं कळताच त्यांनी रोग्याचं खाणंपिणं बंद केलं, पेटीतलं इंजेक्शन सांगितलं आणि कप्तानाला जहाज जवळच्या बंदराकडे वळवायला लावलं. पुढच्या सीटवरचे काका तोवर स्वतःचं पोट दाबून पाहत होते. खरं सांगायचं तर मीही.

फोन ठेवण्याआधी बाई म्हणाल्या, "अब उसका हाथ पकड़ के बैठो. वो काम मेरे से यहाँ से नहीं होता."

सतवास येईपर्यंत त्यांचा हात त्या पिशवीवरच होता.