बर्फावर पाठ फिरवल्यानंतर: बर्मिंगहॅम ते डंडी

शुक्रवारी सकाळी फिजिओने माझा दुखावलेला डावा खांदा सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि खेळायची परवानगी दिली. तोवर आमच्या आइस हॉकी टीमची बस स्कॉटलंडला निघून गेली होती. मॅच शनिवारी संध्याकाळी डंडीला. "पण सहा तास स्टिअरिंग धरून बसू नकोस," अशी तंबी फिजिओने दिली होती. मी ट्रेन बघत होतो, तेवढ्यात बाबा कोट घालूनच आले.

"मी नेतो. रिटायर्ड माणसाला आज काय नि उद्या काय."

मी दहाव्या वर्षी नागपूरहून बर्मिंगहॅमला आलो, घराजवळच्या रिंकवर स्केटिंग शिकलो आणि आता एकतिसाव्या वर्षी बचावपटू म्हणून पगार घेतो. प्ले-ऑफसाठी डंडीची मॅच जिंकणं भागच होतं.

हा प्रवास करणार असाल तर शुक्रवारी दुपारी बाराच्या आत निघा. आम्ही उशीर केला आणि वॉरिंग्टनजवळ एम-सिक्स हायवेवर तासभर रांगेत अडकलो. बाबांचा सॅट-नॅववर विश्वास नाही. मांडीवर रोड ॲटलास घेऊन मी बसलेलो. लँकेस्टरनंतर मात्र रस्ता मोकळा होतो आणि दोन्ही बाजूंना कंब्रियाचे डोंगर उभे राहतात, माथ्यावर बर्फ. तिथल्या सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे हायवेवरच्या थांब्यावर, चहा घ्या, खिडकीजवळची जागा पकडा. आम्ही आईने दिलेले धपाटे काढले.

बाबा बाहेर बघत म्हणाले, "मागच्या रविवारी तू बाजूला झालास."

मी धपाटा खाली ठेवला. "तुम्ही पाहिलंत?"

"मला ती काळी चकती दिसतच नाही, इतकी फास्ट असते. मी तुझ्याकडेच बघत असतो."

खरं होतं. मागच्या रविवारी शेवटच्या मिनिटाला समोरच्याने शॉट मारला. आडवं जाऊन तो अंगावर घेणं हे माझं काम. आधीच दुखत असलेला खांदा आठवला आणि मी वळलो. पक, म्हणजे ती काळी चकती, माझ्या शेजारून गेला, गोल झाला, आम्ही हरलो. ड्रेसिंग रूममध्ये कोच सगळ्यांसमोर आमच्या गोलकीपरला, क्रेगला, बोलला. मी बुटांच्या लेस सोडत बसलो.

"मग काय करणार आहेस?" बाबांनी विचारलं. मी उरलेले धपाटे डब्यात भरले.

रात्री मॉफट नावाच्या छोट्या गावात बी-अँड-बीमध्ये, म्हणजे नाश्त्यासकट घरगुती लॉजमध्ये, राहिलो. स्वच्छ खोल्या, आणि मालकीणबाईंनी नाश्त्याला बाबांसाठी सॉसेजऐवजी मशरूम आणि दोन अंडी दिली. सकाळी फोर्थच्या खाडीवरचा पूल, मग पर्थवरून डंडी. वाटेत जेवायला थांबायचं तर पर्थलाच थांबा. बाबा नदीकाठचं अंटार्क्टिकाला जाऊन आलेलं जुनं जहाज बघायला गेले, मी रिंकवर.

क्रेग एकटाच पॅड बांधत होता. मी म्हणालो, "रविवारचा गोल माझा होता. मी वळलो."

"माहितीये," तो मान वर न करता म्हणाला. "तुझ्या पाठीवरचा नंबर दिसला मला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होतो. पण मला सांगून काय उपयोग? कोचला सांग."

सांगितलं. कोचने तीनपैकी पहिला पिरियड मला बेंचवर बसवलं. मी तिथूनच टीमसाठी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. पुढे हळूहळू खेळायला मिळालं. आमची दोन-एक अशी आघाडी असताना शेवटचं मिनिट उरलं, आणि कोचने माझ्या हेल्मेटवर टकटक केलं, म्हणजे आत जा.

ती भीती परत आली. ती जात नाही, हे मला तिथे कळलं. समोरच्याने स्टिक मागे नेली, मी छाती त्याच्याकडे ठेवली आणि गुडघ्यावर घसरत आडवा गेलो. पक बरगडीवर, पॅडच्या कडेला लागला. श्वास अडकला, पण पक अंगाखालीच होता. थोड्या वेळाने मॅच संपल्याचा हूटर वाजला. क्रेगने मला धरून उठवलं.

रविवारी बाबांबरोबरच परतलो. स्कॉटलंडची सीमा ओलांडेपर्यंत पाऊस, पुढे स्वच्छ ऊन. प्रत्येक खड्ड्याला बरगडी आठवण करून देत होती. मी बऱ्याच मॅच जिंकलोय, पैकी निम्म्या विसरलोही. जिंकण्यासाठी आधी स्वतःशी खरं बोलावं लागतं, हे मात्र इतक्या वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. डंडीला बेंचवर बसून शिकलो. पुन्हा वळायचं नाही, एवढं ठरलं आहे.

घरी आईने दार उघडलं. "जिंकलात ना? याने केला का गोल?"

"नाही," बाबा बूट काढत म्हणाले. "याने एक होऊ दिला नाही."