पांडेसऱ्याचे कलर मास्तर

मास्तर कुणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आत शर्टाची खालची दोन बटणं सोडायचे. समोरचं माणूस ओळखीचं आहे की नाही, बाई आहे की पुरुष, घरात पाहुणे बसलेत की काय, याची त्यांना फिकीर नसे. बनियन वर सरकवून ते पोटाच्या डाव्या बाजूला चिकटवलेली पिशवी दाखवत आणि शांतपणे म्हणत, "ही बघा. कितीतरी वर्षं झाली. मिलला जातो, सायकल चालवतो, दोन भाकरी खातो." मग बटणं लावून चहाचा कप उचलत.

माझ्यासमोर त्यांनी ती बटणं सोडली तेव्हा मी दवाखान्याच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी सुरत महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. मूळची नाशिकची, आणि खरं सांगायचं तर जरा मानी. साडीची एक निरी वाकडी झालेली मला चालत नाही. अशा बाईच्या आतड्यांना वर्षानुवर्षं सूज येत गेली, आणि शेवटी मोठं आतडं काढून डॉक्टरांनी पोटावर वाट करून दिली. आता जे बाहेर पडायचं ते तिथून, पिशवीत. मी नवऱ्याला सांगून टाकलं होतं की शाळेचा राजीनामा लिहून आण, मी सही करते. तिसऱ्या दिवशी नर्सने फोन करून मास्तरांना बोलावलं. त्यांनी पिशवी दाखवली, मी डोळे मिटून घेतले. ते म्हणाले, "बाई, नका बघू. मी बसतो. बघायचं तेव्हा बघा." आणि खरोखर तासभर स्टुलावर बसून राहिले. शेवटी मीच बघितलं.

सुरतेत मास्तर म्हटलं की तो शाळेतलाच असेल असं नाही. पांडेसऱ्याच्या मिलांमध्ये कापडाला कुठला रंग किती घालायचा हे ठरवणाऱ्याला कलर मास्तर म्हणतात. आमचे मास्तर दोंडाईचाकडचे. तरुणपणी सुरतेला आले, रंगाच्या खात्यात हेल्पर लागले आणि नजरेच्या जोरावर मास्तर झाले. त्यांच्या नखांच्या कडा कधी निळ्या, कधी किरमिजी असायच्या. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना समजावायला कुणीच आलं नव्हतं. पहिले सहा महिने पिशवीवर गमछा गुंडाळून ते खोलीत बसून होते. त्यानंतर ज्या वॉर्डात आपल्यासारखा कुणी दाखल झाल्याचं कळेल तिथे जायचं, हा त्यांनी नेमच करून टाकला. "लाज कच्च्या रंगासारखी असते, बाई," ते मला म्हणाले. "दोन धुण्यात उतरते. पण धुवायला तर काढली पाहिजे ना?"

माझा राजीनामा फाटला तो मास्तरांच्या बायकोमुळे. त्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. मिलमध्ये उरलेल्या कापडाच्या तुकड्यांना इथे फेंट म्हणतात. त्या फेंटमधून वहिनी पिशवीला घालायची झबली शिवायच्या, आणि रंग मास्तर निवडायचे. मी कुठल्या साड्या नेसते हे मास्तरांनी माझ्या नवऱ्याकडून काढून घेतलं आणि पाच झबली आणली, प्रत्येक साडीला एक, रंग असा जुळवलेला की दुकानदारानेही हात टेकावेत. मी म्हटलं, "अहो, आतलं कुणाला दिसणार आहे?" ते म्हणाले, "तुम्हाला दिसेल ना." रजा संपली त्या सोमवारी मी शाळेत गेले. फळ्यापाशी उभी राहिले आणि पाच मिनिटांत पोरांवर ओरडलेसुद्धा.

पुढे एकदा त्यांच्या पांडेसऱ्याच्या खोलीवर गेले होते, तेव्हा मास्तर दूध आणायला बाहेर पडले आणि वहिनी मशीन थांबवून एकदम बोलल्या. "सगळा गावले पोट दखाडतस, आनि मायले बारा वरीस व्हयनात, सांगेल नही." मला आधी पटेचना. पण खरंच, ऑपरेशनच्या वेळी मास्तरांनी गावी आईला ॲपेंडिक्स सांगितलं होतं, ते तसंच राहिलं होतं. गावी गेले तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत, मुक्काम नाही. आणि श्रावणातल्या कानबाईला तर मुळीच नाही. खानदेशात कानबाई म्हणजे काय, हे मी त्या घरात शिकले. सगळी भाऊबंदकी गावी गोळा होते, देवी बसते, सोवळ्यात नैवेद्याचे गव्हाचे रोट होतात, आणि ते रोट घरच्यांनीच खाऊन संपवायचे असतात. थोरला मुलगा बारा वर्षं त्या पंगतीला नव्हता. माय विचारायची, मास्तर सांगायचे की मिलमध्ये सुट्टी नाही.

मी त्यांना छेडलं. वर्षभर माझी लाज धुणारा माणूस, त्याची स्वतःची एक मात्र पक्क्या रंगाची निघाली. ते हसले नाहीत. म्हणाले, "बाई, ते सोवळ्याचं काम. माय देवीपुढे ओल्या लुगड्याने बसते. तिथे हे पोटावर घेऊन कसा बसू? आणि तिने नको म्हटलं तर? जगाने नको म्हटलेलं चालतं मला. तिने म्हटलेलं नाही चालायचं." तेव्हापासून दर श्रावणात मी त्यांच्या तोंडाकडे बघायची. ते मान खाली घालून ओव्हरटाइम करायचे.

बाकी वर्षभर मात्र त्यांचा संसार आम्ही होतो. दर दुसऱ्या रविवारी माझ्या शाळेच्या एका वर्गात आमची मंडळी जमायची. पिशवीवाले, आतड्याच्या सुजेवाले, लिव्हरवाले, सोबत त्यांचे नवरे आणि बायका. कुणाला पिशवीभोवतीची कातडी सोलवटल्याचं दुःख, तर कुणाला सासरी जेवायला जायची धास्ती. मास्तरांकडे एक वही होती. तिच्यात पांडेसऱ्यापासून हायवेने पलसाण्यापर्यंत कुठल्या पंपावर, कुठल्या हॉटेलात संडास स्वच्छ आहे, पाणी येतं का, आत पिशवी अडकवायला खिळा आहे का, हे सगळं लिहिलेलं. नवीन जागा कळली की आधी स्वतः जाऊन यायचे. मी एकदा म्हटलं, शहराचा असा नकाशा महापालिकेकडेही नसेल. ते म्हणाले, "त्यांना गरज नाही ना पडत."

त्यांचं दुसरं काम म्हणजे डोळे बघणं. लिव्हरच्या माणसाला ते हाताला धरून वर्गाबाहेर, व्हरांड्यात न्यायचे आणि खालची पापणी ओढून बघायचे. "ट्यूबलाइटमध्ये रंग खोटा दिसतो. रंग दिवसाउजेडी बघायचा." पिवळेपणाचा अंश दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे पिटाळायचे. कुणी औषध विचारलं तर चिडायचे. "मी डॉक्टर नाही. मी फक्त शेड सांगतो."

आता माझ्या चुकीचं सांगते. पलसाण्याच्या एका मिलमधल्या कामगाराला पिशवी लागली होती आणि त्याला रविवारी येणं जमत नव्हतं. त्याच्यासाठी मी मास्तरांचं बोलणं मोबाइलवर व्हिडिओत घेतलं, बटणं सोडण्यापासून सगळं. मास्तर म्हणाले, "त्यालाच पाठवा हं, बाई." मी हो म्हटलं. पण बोलणं इतकं छान झालं होतं की मला राहवेना. शिक्षकाची खोड, एकाला समजावलेलं सगळ्या वर्गाला समजावं असं वाटतं. मी ते आमच्या सगळ्यांच्या ग्रुपवर टाकलं. आता पांडेसऱ्यात अर्ध्या अर्ध्या गल्लीत एकेका गावची माणसं राहतात, आणि प्रत्येक गावाचा आपला व्हॉट्सॲप ग्रुप असतो. गाव तिकडे आणि गल्ली इकडे, दोन्ही एकाच ग्रुपवर. आमच्यातल्या कुणीतरी कौतुकाने ते पुढे ढकललं. दुपारी टाकलं आणि संध्याकाळच्या आत मास्तरांच्या गावात पारावर बसलेली माणसं त्यांचं पोट बघत होती. कानबाईला आठ दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मास्तर शाळेच्या फाटकाशी उभे दिसले. आत या म्हटलं, आले नाहीत. त्यांना रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही आवाज चढला नाही. "बाई, तुम्ही चांगल्यासाठीच केलं असणार. पण माय माझी आहे ना? तिला मी सांगायचं होतं. आता तिला गावाने सांगितलं." मी माफी मागितली, ती त्यांनी ऐकली की नाही कोण जाणे. ते म्हणाले, "भावाचा फोन आला होता. माय म्हणते, कानबाईला ये. एवढंच. रागाने म्हणते का कशाने, ते त्यालाही कळलं नाही." मग त्यांनी मला विचारलं, "जाऊ का?" माझ्यासारखीला धीर देणारा माणूस मला विचारत होता. मी म्हटलं, "जा, मास्तर." आणि पुढचे आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तिने दारातून परत पाठवलं असतं तर ते माझ्यामुळे झालं असतं.

मंगळवारी ते परत आले आणि थेट माझ्या घरी आले. बटणं सोडली नाहीत. चहाही नको म्हणाले, नुसते बोलत राहिले. गावात शिरताना माणसं बघत होती, कुणी काही विचारलं नाही. ते अंगणातच थांबले. माय ओसरीवर गहू निवडत होती. मास्तर म्हणाले, "माय, मी बाहेरच बसतो. तुमचं होऊ द्या." माय उठली नाही, रडली नाही. तिथूनच म्हणाली, "दर साल तुन्हा नावनी सव्वा मूठ टाकस मी. तुन्हा वाटाना रोट खाई खाई मी थकनू रे दादा. आते तुन्हा तू खाय."

मास्तरांनी मला समजावून सांगितलं. रोटाचे गहू घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ टाकतात, लहान असो की मोठा. मायने एकही वर्ष त्यांची मूठ चुकवली नव्हती. आणि रोट उरवायचा नसतो, म्हणून मुलाच्या वाट्याचा ती स्वतः खायची, पोटात जागा असो नसो. देवीपुढे तिने त्यांना आपल्या शेजारी बसवलं. जेवण झाल्यावर पिशवी रिकामी करायला ते मागच्या न्हाणीत गेले आणि बाहेर आले तर माय दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. "लहानपणी उभी राहायची ना, बाई, तशी," मास्तर म्हणाले आणि माझ्या बैठकीत बसून लहान मुलासारखे रडले. मीही रडले. माझ्या चुकीचं भलं झालं म्हणून ती चूक नव्हती असं मी कधी म्हटलं नाही, त्यांनीही म्हटलं नाही.

दिवाळीनंतर त्यांनी मिल सोडली. मायला आता नीट दिसेनासं झालं होतं, तिच्याजवळ कुणीतरी हवं होतं. वहिनींनी शिलाई मशीन इथेच आमच्यातल्या एका बाईला देऊन टाकलं. मी त्यांना ताप्ती लाइनच्या गाडीवर सोडायला गेले, तेव्हा मास्तरांनी खिडकीतून ती संडासांची वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वर्षातून एकदा सगळीकडे फिरून या. माणसं बदलतात, पाणी बंद होतं." मी फिरते. कोसाडला, अमरोलीला, जिथे नर्स सांगेल तिथे पेशंटकडेही जाते. मास्तरांसारखं पोट दाखवणं मला अजून जमत नाही, पण मी स्टुलावर बसून राहते. आणि नवीन माणसाला आधी विचारते, घरात कुणाला कुणाला माहीत आहे, आणि कुणाला तुम्ही स्वतः सांगणार आहात. ते सांगेपर्यंत मी कुणालाही काही बोलत नाही.

माय गेली त्याला वर्ष उलटून गेलं. यंदा कानबाईच्या दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना फोन केला. आता घरातले मोठे तेच, गहू त्यांनीच मोजले होते. इकडचं तिकडचं बोलून झालं, लिव्हरच्या कुणाचे डोळे कसे आहेत ते विचारून झालं.

"बाई, बायकांच्या नावाची मूठ टाकत नाहीत आमच्यात," ते म्हणाले. "भाऊ बघत होता, तरी मी मायच्या नावची टाकली. तो रोट मीच खाल्ला."