घोरपड्यांच्या सुनेचा क्लास

चारुलता घोरपडे हिच्याविषयी लिहायला मी योग्य माणूस नाही. बडोद्याच्या रावपुऱ्यात आमच्या समोरच्या घरी ती सून म्हणून आली, काही वर्षे राहिली आणि गेली. तिचे माहेर कुठले हेही मला खात्रीने सांगता येणार नाही. डोळ्यांसमोर घडले तेवढेच लिहितो.

सत्त्याण्णव सालचा उन्हाळा होता. चारुलता रोज सकाळी खांद्याला पिशवी लावून रिक्षाने कुठेतरी जायची. तिच्या सासूबाई, चिमणाबाई, गल्लीत सांगत, "सून कॉम्प्युटर क्लासला जाते." त्या काळी बडोद्यात घरोघरी कोणीतरी कॉम्प्युटर शिकत होते, तेव्हा मला त्यात वावगे वाटले नाही. माझी पत्नी इंदिरा मात्र संशयी.

"कॉम्प्युटर शिकून कोणाचे हात असे धुणं धुतल्यासारखे सुरकुततात?" ती म्हणाली. "आणि अंगाला स्पिरिटचा वास येतो तिच्या."

मला वाटले, एखाद्या दवाखान्यात काम धरले असेल. पण मग ते लपवायचे कशाला?

एकदा ती विरजण मागायला आली. इंदिरा आत गेली तशी तिने आमच्या सोफ्याच्या हातावर बोट फिरवले, उशी उचलून खाली पाहिले. मी पेपराआड होतो. "काका, दुपारी घरी तुम्ही दोघंच असता ना?" तिने विचारले. मी "हो" म्हणालो आणि लगेच वाटले, म्हणायला नको होते.

"बघितलंत?" ती गेल्यावर इंदिरा म्हणाली. "माणसांकडे बघत नाही, सामानाकडे बघते." त्या दिवसापासून कपाटाची किल्ली तिच्या कमरेला गेली.

आणि मग एका दुपारी चारुलता भलीमोठी पिशवी घेऊन आत आली आणि दार लोटून घेतले.

"काकू, मी कॉम्प्युटर शिकत नाही. सोफे, पडदे, गालिचे साफ करायला शिकते. एका कंपनीचं ट्रेनिंग आहे. आज परीक्षा. परक्या घरचा सोफा धुऊन दाखवायचा, संध्याकाळी सर बघायला येणार. पास झाले तर नोकरी."

"धुण्याला क्लास?" इंदिरा म्हणाली. "आणि घोरपड्यांची सून लोकांचे सोफे धुणार? घरी माहीत आहे?"

"ह्यांना माहीत आहे. आईंना नाही. त्यांच्या आजेसासऱ्यांनी म्हणे बडोदे सरकारच्या घोडदळात तलवार चालवली. मी ब्रश चालवला तर त्या जेवणार नाहीत."

इंदिरा हसली, पण किल्लीवरचा हात काढला नाही. शेवटी म्हणाली, "कर. मी इथंच बसते." आणि खरोखरच समोर पाट टाकून बसली.

सोफ्यावर एक जुना डाग होता, आमच्या मुलाचा, आनंदचा. त्याच्या लग्नात अंगाला हळद लावलेला तो तसाच त्या सोफ्यावर टेकला होता. तो पिवळा डाग आम्ही चादरीखाली झाकत असू. चारुलताने बाटलीतले औषध पाण्यात मिसळून ब्रशने तिथे लावले मात्र, डाग लालभडक झाला. कापड कापून रक्त यावे तसा.

"जाळलास माझा सोफा!" इंदिरा उठलीच.

चारुलताने आणखी औषध लावले, आणखी लाल झाले. "असं कधी झालं नाही, काकू."

इंदिराने वाकून बाटलीचा वास घेतला. "खार आहे यात. हळदीला खार लागला की कुंकू होतं, ठाऊक नाही तुला? काय काय डाग शिकवले तुम्हाला?"

"शाई, कॉफी, वाइन..."

"गुजरातेत वाइन! आणि हळद नाही?"

"पुस्तक बाहेरचं आहे."

इंदिराने लिंबू कापून आणले. चारुलता मागे सरकली. "नको, काकू. कंपनीच्या बाटल्यांशिवाय काही वापरलं तर नापास करतात."

"आणि हे लाल दाखवलंस तर पास करतील?"

लिंबाने डाग पुन्हा पिवळा झाला. चारुलताने तो भाग पाण्याने धुतला, पिशवीतून आणलेल्या लहान यंत्राने पाणी ओढून घेतले आणि आम्ही तिघांनी सोफा मागच्या अंगणात उन्हात ठेवला. हळद उन्हाला टिकत नाही, हे मलाही माहीत होते. संध्याकाळपर्यंत पुसटशी छटा उरली.

सर आले. तरुण, बारीक मिशीचे. पांढरा रुमाल कापडावर घासून पाहिला. मग वाकून वास घेतला.

"आ लिंबुनी वास क्यांथी आवे छे?"

चारुलता ब्रश पुसू लागली.

"शरबत बनाव्युं'तुं," इंदिरा म्हणाली. "पीशो?"

सरांनी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिले. मी 'हो' म्हणून मान हलवली. "ना, बेन," ते म्हणाले, आणि चारुलताला, "सोमवारे आवी जजो." म्हणजे पास, सोमवारपासून कामावर. ती गेल्यावर इंदिराने कपाट उघडून एकदा पाहिले.

चिमणाबाईंना लवकरच कळले. त्यांनी आमच्याशी बोलणे टाकले. पुढे चारुलता आणि तिचा नवरा मांजलपूरला फ्लॅटमध्ये गेले. नोकरीमुळेच का, हे मी विचारले नाही. तिने आमचेच घर का निवडले? विश्वास म्हणून, की गल्लीत सर्वांत मळका सोफा आमचा होता म्हणून? मला दुसरे कारण खरे वाटते.

त्यानंतर ती एकदाच भेटली, बाजारात. स्कूटरच्या मागे यंत्र बांधत होती.

"काका, ही दोरी जरा धरता?"

"धरतो. ओढू का?"

"नको, तेवढीच. काकू बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत."

"चला, येते."

"ये. पुढे रस्ता खणलाय, बाजूने जा."